आधी विचारा, मग धरून ठेवा: आत्महत्या रोखण्यासाठी नाशिकच्या दवाखान्यांत काय करता येतं

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पट्ट्यातलं कुठलंही प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. पन्नाशीचा बागायतदार महिन्यात तिसऱ्यांदा येतो. तक्रारी त्याच: झोप लागत नाही, पोटात आग पडते, डोकं गच्च होतं, अंगात त्राण नाही. त्याला पित्ताची गोळी मिळते, त्याच्याच आग्रहाने ताकदीची सुई मिळते आणि पुढच्या पेशंटची हाक पडते. गारपिटीत बाग गेली का, माल उचलून नेलेल्या व्यापाऱ्याने पैसे दिले का, विकास सोसायटीची कर्जाची नोटीस आली का, यातलं काहीच केस पेपरवर येत नाही. मरावंसं वाटतं का, हे तर कुणी विचारतच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. जगभरात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं अशी जातात. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. आत्महत्येने गेलेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसं शेवटच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली होती. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलेले त्याहून बरेच कमी होते.

म्हणून हा लेख तज्ज्ञांसाठी नाही. तो पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) वैद्यकीय अधिकारी, सिस्टर, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका), आशाताई, गावातले फॅमिली डॉक्टर, 108 वरचे डॉक्टर आणि मेडिकलच्या काउंटरमागचे फार्मासिस्ट यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे दोन जागी माणसं निसटतात. एक, ओपीडीत, कारण कुणी विचारत नाही. दोन, डिस्चार्जनंतर, कारण कुणी पुन्हा हाक मारत नाही. दोन्ही जागा तज्ज्ञांच्या नाहीत, आपल्या आहेत.

वाचणारे तुम्ही स्वतःच अशा मनःस्थितीत असाल, तर बाकीचा लेख नंतर वाचा. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीवावर बेतलं असेल तर 108 किंवा 112.

बोलण्यात काय ऐकायचं

आपल्याकडे कुणी दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. माणूस शरीराची भाषा बोलतो. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, अन्नावरची वासना गेली, पहाटे तीनला डोळा उघडतो तो लागतच नाही. तपासण्या नॉर्मल येतात तरी माणूस फेऱ्या मारतो. अशा पेशंटला ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणणं सगळ्यात सोपं, आणि तिथेच दार बंद होतं.

मधूनच काही वाक्यं निसटतात. ‘आता काही राम राहिला नाही.’ ‘देवानं उचललं तर बरं.’ ‘माझ्यामागं तुम्ही तरी सुखी व्हाल.’ ‘सगळं मार्गी लावलं की मी मोकळा.’ म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ही भाषा रोजचीच असते असं म्हणून आपण ती सोडून देतो. ती सोडायची नाही. त्या दिवशी ती का आली, एवढं विचारायचं.

वागण्यातलेही बदल असतात. जमिनीची कागदपत्रं, विम्याचे कागद अचानक मुलाच्या हाती देणं, दारू एकदम वाढणं, लग्नकार्याला जाणं टाळणं, जिवापाड जपलेली बैलजोडी किंवा गाडी देऊन टाकणं. एका गोष्टीने अनुभवी माणूसही फसतो: आठवडाभर घुसमटलेला माणूस एकाएकी शांत, हसतमुख दिसू लागतो. घरचे म्हणतात, ‘आता बरा आहे.’ कधी ते खरं असतं. कधी आतला निर्णय झाल्याची ती शांतता असते. अशा वेळी पुन्हा एकदा विचारलेलं बरं.

कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं? आधी प्रयत्न केलेला माणूस सर्वांत वर. मग दारूचं व्यसन, जुनाट दुखणं, नुकतंच कळलेलं मोठं आजारपण, घरातली मारहाण, बाळंतपणानंतरचे पहिले महिने, जवळच्या कुणाची आत्महत्या. नाशिकपुरतं सांगायचं तर सातपूर-अंबडच्या ठेकेदारीतला काम सुटलेला कामगार, कॉलेज रोडच्या क्लासला खोली करून राहिलेला आणि निकालाची वाट बघणारा बारावीचा पोरगा, लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली आणि माहेरी फोन करायलाही परवानगी लागणारी सून. शेतकरी तर आहेच. पण ‘आत्महत्या म्हणजे शेतकरी’ एवढंच डोक्यात धरलं, तर बाकीचे नजरेतून सुटतात.

विचारायचं कसं

पहिली अडचण जागेची. ओपीडीच्या टेबलाभोवती पाच माणसं उभी असताना कुणीही खरं सांगणार नाही. त्यावर साधी युक्ती आहे: बीपीचं मशीन आतल्या खोलीत ठेवा. ‘या, आत बीपी बघू’ म्हटलं की पेशंट एकटा आत येतो, बाहेर कुणाला वेगळं वाटत नाही. सोबत आलेल्या सासूबाईंना केस पेपरवर शिक्का आणायला पाठवा. पाच मिनिटं मिळतात. तेवढी बऱ्याचदा पुरतात.

दुसरी अडचण आपल्या मनातली. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरेल, ही भीती डॉक्टरांनाही असते. या प्रश्नावर पुरेसा अभ्यास झालेला आहे: थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, कुणीतरी नेमकं ओळखलं म्हणून माणसाचा श्वास मोकळा होतो.

पायरीपायरीने उतरा. सुरुवात परिस्थितीपासून:

‘तात्या, या वर्षी बाग गेली, वरून डोक्यावर कर्ज. रात्री पडल्या पडल्या काय येतं मनात?’

त्यांना बोलू द्या. मग:

‘अशा वेळी बऱ्याच जणांना जगणं नकोसं वाटतं. तुम्हाला वाटतं का तसं?’

हो म्हणाले, किंवा नुसते गप्प राहून खाली बघत राहिले, तरी पुढे जा:

‘स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असा विचार येतो का?’

‘कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलंय का?’

‘त्यासाठी काही आणून ठेवलंय का? घरात कुठे आहे?’

‘याआधी कधी असं झालं होतं?’

आणि शेवटी, हा प्रश्न विसरू नका: ‘आजवर कशामुळे थांबलात?’ उत्तर ‘धाकटीचं लग्न राहिलंय’ असेल, ‘आई आहे’ असेल, ‘गाय व्यायला झालीय’ असंही असेल. ते जसंच्या तसं लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्याला तोच आधार.

‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर आपण मागून घेतलेलं असतं. उत्तर ऐकताना चेहरा सरळ ठेवा, हातातलं पेन खाली ठेवा, मोबाइल उलटा ठेवा. ‘अहो, पोरांचं काय होईल याचा तरी विचार करा’ हे वाक्य जिभेवर येतंच, ते गिळा. त्याने पोरांचा विचार हजारदा केलेला असतो. आपण त्यांच्यावरचं ओझं आहोत, हाच निष्कर्ष त्यातून त्याने काढलेला असतो.

कागदावरची प्रश्नावली हवी असेल तर पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची यादी मराठीत उपलब्ध आहे. तिचा नववा प्रश्न याच विषयाचा. आकड्यांची बेरीज कमी आली तरी नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर असेल, तर वरचे प्रश्न तोंडी विचारायचेच. कुठलीही प्रश्नावली उद्या काय होईल याचं भाकीत करत नाही. ती फक्त बोलायला सुरुवात करून देते.

किती घाई आहे हे ठरवणं

विचार आहे, पण बेत नाही, साधन नाही, घरी बोलायला माणूस आहे: उपचार सुरू करा, घरच्या एकाला विश्वासात घ्या, तीन-चार दिवसांत परत बोलवा. ‘गरज वाटली तर या’ म्हणू नका, वार आणि वेळ सांगा. परवा सोमवारी सकाळी दहा, असं.

विचार वारंवार येतात, पूर्वी प्रयत्न झालाय किंवा दारू चालू आहे: त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाशी फोनवर बोला, घरातली साधनं हलवायला लावा, चोवीस तासांत कुणीतरी फोन करायचा.

बेत ठरलाय, साधन जवळ आहे, किंवा माणूस भानावर नसल्यासारखा, भास होत असल्यासारखा वागतोय: त्याला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही सोबत. 108 बोलवा आणि जिल्हा रुग्णालयात पाठवा. मालेगाव बाजूचे पेशंट तिथल्या सामान्य रुग्णालयात आधी स्थिर करता येतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधलं कलम 94 इथे उपयोगी पडतं. स्वतःला गंभीर इजा करून घेण्याचा धोका टाळण्यासाठी कुठलाही नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) हजर असल्यास त्याच्या संमतीने, तातडीचा उपचार देऊ शकतो. हा उपचार जास्तीत जास्त 72 तासांचा, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंतचा. म्हणजे ‘मी सायकियाट्रिस्ट नाही, मी हात कसा लावू’ ही सबब कायद्याने ठेवलेली नाही.

गुप्तता पाळायचीच, पण ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊ नका. ‘तुमच्या जिवाला धोका वाटला तर मला घरच्या एकाला सांगावं लागेल, कुणाला सांगू ते तुम्ही ठरवा’ हे जास्त प्रामाणिक, आणि लोकांना ते पटतंही.

साधन दूर करणं: द्राक्षपट्ट्यातला सगळ्यात मोठा उपाय

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात इथे जेवढे जीव वाचू शकतात तेवढे बाकी कशानेच नाहीत.

आत्महत्येचा तीव्र झटका बहुतेकदा फार काळ टिकत नाही. भांडण, अपमान, फोनवर वसुलीवाल्याचं बोलणं, त्यावर दारू, आणि विचारापासून कृतीपर्यंत काही वेळा घटकाभरही जात नाही. त्या वेळात हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. हाताशी जीवघेणं साधन नसेल तर लाट ओसरते, आणि ओसरल्यावर त्यातली बरीच माणसं पुढे जगतात. ‘ज्याला मरायचंय तो कसंही मरतो’ हे खरं नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1995 नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आला. शेती चालूच राहिली.

आपल्याकडचं चित्र बघा. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेत फवारणीला खंड नसतो. मळ्यातल्या घरात ही औषधं कुठे असतात? जिन्याखाली, पलंगाखाली, कधी स्वयंपाकघराच्या माळ्यावर, कारण बाहेरच्या शेडमधून चोरीला जातात. उरलेली कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलेली. म्हणजे ज्या घरात चिंता सगळ्यात जास्त, त्याच घरात साधन सगळ्यात जवळ.

मग काय करायचं? पहिला सुचणारा उपाय म्हणजे कुलपाची पेटी. इथे थोडं सावध. श्रीलंकेतच एका मोठ्या चाचणीत गावोगाव घरांना कुलपाच्या पेट्या वाटल्या, आणि प्रयत्नांच्या संख्येत फरक पडला नाही. चावी घरातच असते, हे त्याचं एक कारण असावं असं मला वाटतं. त्यामुळे धोक्यातला माणूस घरात असेल तर पेटीवर विसंबू नका. औषध घराबाहेर न्यायला लावा: भावाच्या मळ्यात, चुलत्याकडे, किंवा न फोडलेला माल कृषी सेवा केंद्रात परत. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणायचं आणि फवारणी दुसऱ्याने करायची. कायमचं नाही, हे दिवस निघेपर्यंत.

हे घरच्यांना सांगण्याचीही एक रीत आहे. ‘तुमचा नवरा विष घेईल’ असं म्हटलं तर बाई हादरतात, किंवा ‘आमचे हे तसले नाहीत’ म्हणून विषय तोडतात. त्याऐवजी: ‘वहिनी, भाऊंचं मन सध्या थाऱ्यावर नाही. महिनाभर मळ्यातली औषधं दिराच्या शेडमध्ये ठेवा. आज संध्याकाळी हलवाल का? हलवली की मला मिस कॉल द्या.’ वेळ ठरवून दिली की काम होतं, नाहीतर ‘बघू’वर राहतं. मिस कॉल आला नाही तर आशाताईंनी दुसऱ्या दिवशी घरावरून चक्कर मारायची.

दवाखान्यातली साधनंही आहेत, ती आपण स्वतः देतो. धोका असलेल्या पेशंटला महिन्याच्या गोळ्या एकदम देऊ नका, आठवड्याच्या द्या, त्याही घरच्या माणसाच्या हाती. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला नुसतं ‘नाही’ म्हणून पाठवू नये. ‘झोप का येत नाही?’ एवढं विचारलं आणि डॉक्टरांचा फोन लावून दिला, तर मेडिकलवाल्यांचं काम झालं.

नैराश्याची औषधं सुरू केली तर स्पष्ट सांगा की गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नाहीतर आठव्या दिवशी ‘औषधानेही काही होत नाही’ हा नवा आघात होतो. पहिले काही आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर, जास्त लक्ष हवं.

कागदावरचा बेत

शपथा घ्यायला लावू नका. ‘पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग, पुन्हा असं मनात आणणार नाहीस’ हा आपला लाडका उपाय आहे. त्याने माणूस वाचतो याला आधार नाही. विचार परत आला की शपथ मोडल्याची शरम तेवढी वाढते आणि तो आपल्यापासून लपवू लागतो.

त्याऐवजी पेशंटबरोबर बसून एक कागद तयार करा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली ही पद्धत सध्या जगभर वापरली जाते. त्यात सहा गोष्टी असतात, पेशंटच्याच शब्दांत:

1. माझं मन बिघडायला लागलं हे मला कशावरून कळतं. (‘रात्री उठून ओट्यावर बसतो.’)
2. तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो. (‘गुरांना पाणी दाखवतो, हरिपाठ म्हणतो.’)
3. कुणात जाऊन बसलं की मन वळतं. (‘पाराजवळ, किंवा बहिणीकडे ओझरला.’)
4. मदत कुणाकडे मागायची. नाव आणि फोन.
5. दवाखान्यातलं कोण, टेलिमानस 14416, आणि 108.
6. घरातली साधनं कुणी, कुठे हलवली.

पाराजवळ गेल्यावर दारूच हातात पडत असेल तर पार कापा, बहिणीचं घर ठेवा. असे बारकावे विचारल्याशिवाय कागद निरुपयोगी. आणि केस पेपर हरवतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून पेशंटच्या मोबाइलमध्ये फोटो काढून द्या. फोन घरात सामायिक असेल, सुनांच्या बाबतीत तो असतोच, तर क्रमांक साध्या नावाने सेव्ह करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी 14416 तिथल्या तिथे एकदा लावून दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी कॉल लिस्टमध्ये सापडेल.

पाठवणं आणि पोहोचणं

‘सिव्हिलला दाखवा’ असं चिठ्ठीवर लिहिलं म्हणजे माणूस सिव्हिलला पोहोचला असं नाही. सुरगाणा, पेठहून नाशिकला यायचं तर एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते, आणि त्र्यंबक रोडला उतरल्यावर कुठल्या खिडकीवर जायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं असतं. त्यांचा ओपीडीचा वार आणि तालुक्यातल्या शिबिराची तारीख आपल्या केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवा. पाठवण्याआधी फोन करा, चिठ्ठीवर तिथल्या माणसाचं नाव लिहा, सोबत कोण जाणार ते ठरवा, आणि संध्याकाळी ‘पोहोचलात का?’ विचारा. शहरातल्यांना महापालिकेची बिटको किंवा झाकीर हुसेन रुग्णालयं जवळ पडतात. तिथून पुढे पाठवतानाही हीच रीत.

तज्ज्ञ मिळेपर्यंत टेलिमानस आहे. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे. पेशंटला नुसता नंबर देण्यापेक्षा आतल्या खोलीत बसून आपल्याच फोनवरून तो लावा, दोन मिनिटं तुम्ही बोला आणि मग फोन त्याच्या हाती द्या. पहिल्यांदा अनोळखी आवाजाशी बोलायला माणूस बिचकतो. ओळखीचं माणूस शेजारी असलं की बिचकत नाही.

एक कडवट गोष्ट. बऱ्याच घरांत पहिली धाव देवऋषाकडे असते. त्यावर भाषण देऊ नका. ‘तिकडेही जा, पण या गोळ्या सोडू नका आणि सोमवारी मला दिसा’ एवढं म्हणून माणूस आपल्या बाजूला ठेवा.

प्रयत्न करून वॉर्डात आलेला माणूस

जीव वाचवण्याचं काम आपली माणसं उत्तम करतात. रात्री दोनला कॅज्युअल्टीत आलेल्याला सकाळपर्यंत ओढून आणतात. मग सकाळचा राउंड येतो आणि बोलणी सुरू होतात. ‘काय हो, स्वस्त झालाय का जीव?’ ‘इथे जगायचे पेशंट वेटिंगला आहेत.’ शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक कान देऊन ऐकतात. हे थांबवणं हा वॉर्ड इन्चार्ज सिस्टरच्या अधिकारातला निर्णय आहे. त्याला पैसा लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होते, पोलीस जबाब घ्यायला येतात, आणि घरचे घाबरून ‘चुकून घेतलं’ सांगतात. त्यांना कायदा समजावून सांगा. वर सांगितलेल्या अधिनियमाचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही. तिला उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं कलम 309 उरलेलंच नाही. सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतंच वेगळं कलम आहे. मात्र बाईने घेतलं असेल आणि सासरचे कॉटभोवती कडं करून उभे असतील, तर त्यांना बाहेर काढून तिच्याशी एकटीशी बोला. चुकून की मारहाणीमुळे, हे तिने त्यांच्यादेखत सांगावं ही अपेक्षा फोल आहे.

‘लक्ष वेधायला केलं, थोडंसंच घेतलं’ हा शेरा केस पेपरवर कधी लिहू नका. किती घेतलं यावरून मनातला हेतू मोजता येत नाही. आणि आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सगळ्यात ठळक इशारा आहे.

डिस्चार्जच्या आधी मानसिक तपासणी झालीच पाहिजे, ‘मेडिकली फिट’ पुरेसं नाही. त्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. आणि याच काळात माणूस घरी एकटा पडतो. गाव बघायला येतं, सल्ला देतं, निघून जातं. कर्ज होतं तिथेच असतं, वर दवाखान्याचं बिल.

या टप्प्यावर काय करावं याचा पुरावा आपल्या देशातूनही आलाय. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक चाचणी घेतली, त्यात चेन्नई हे एक केंद्र होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आपत्कालीन विभागात आलेल्या 1,867 जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याखेरीज डिस्चार्जच्या सुमारास तासभर नीट बोलणं, आणि मग 18 महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. दीड वर्षाअखेर आत्महत्येने झालेले मृत्यू नेहमीच्या गटात 2.2 टक्के, फोनच्या गटात 0.2 टक्के. 2008 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महागडं औषध नाही, यंत्र नाही. एक वही आणि फोन करणारं माणूस.

आपण गरोदर मातेचा आणि क्षयरोग्याचा असाच पाठपुरावा करतो. रजिस्टरला एक पान वाढवा: तारीख, नाव, कुणी फोन करायचा, कधी केला, काय म्हणाले. पान कपाटात कुलपात, टेबलावर उघडं नाही. फोन करताना फार बोलायची गरज नसते. ‘ताई, पीएचसीतून सिस्टर बोलतेय. सहज आठवण आली. झोप लागते का आता?’ उचलणारा दुसरा कुणी असेल तर ‘बीपीच्या गोळ्यांचं विचारायचं होतं’ म्हणा. काय बहाणा चालेल, हे डिस्चार्जलाच पेशंटशी ठरवून ठेवा.

माणूस गेल्यावर मागे राहिलेले

कधी सगळं करूनही माणूस जातो. त्याच्या घराला आरोग्य यंत्रणा पोस्टमॉर्टेमपुरती भेटते. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीनंतर आशाताई आणि सीएचओंनी एकदा शांतपणे जाऊन यावं. बायको, आईवडील, शाळेतली मुलं यांचा धोका आता वाढलेला असतो. कारणं शोधू नका, ‘तुम्हाला कळायला हवं होतं’ तर नाहीच. गावाच्या ग्रुपवर फोटो किंवा चिठ्ठी फिरत असेल तर सरपंचांना, पोलीस पाटलांना सांगून थांबवा, कारण तशाच मनःस्थितीतला दुसरा कुणी ते बघत असतो. शाळा-कॉलेजातली घटना असेल तर जवळच्या मित्रांशी बोलायला समुपदेशक त्याच आठवड्यात गेला पाहिजे.

आणि त्या पेशंटला शेवटचं तपासणारी सिस्टर, तो इंटर्न? आपल्याकडे त्यांच्या वाट्याला खुलासा मागणारं पत्र तेवढं येतं. सलग ड्यूट्या, त्यात हे, आणि डॉक्टर-नर्स स्वतःसाठी मदत मागायला सगळ्यांत उशिरा येतात, कारण इथे जो तो एकमेकाला ओळखतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी घटनेनंतर दोन-तीन दिवसांत सगळ्या स्टाफला अर्धा तास बसवावं. काय झालं, कोणाला काय वाटलं, ज्याला बोलायचंय तो बोलेल. चौकशीची फाइल त्या खोलीत न्यायची नाही. ज्याला आपल्या माणसांसमोर बोलायचं नसेल त्याला 14416 लावता येतो. तिथे हुद्दा विचारत नाहीत.